दोन मिलिमीटर आत

आतून मोजलेली तीन मीटर बाय चार मीटरची एक खोली घ्या. क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. आता तिला चारही बाजूंनी नऊ इंची, म्हणजे नकाशावर २३० मिलिमीटरची, विटांची भिंत द्यायची आहे. ऑटोकॅडवर बसलेला ड्राफ्ट्समन कीबोर्डवर ‘ओ’ दाबतो, एंटर करतो, २३० टाकतो, पुन्हा एंटर. मग आतल्या चौकटीवर एक क्लिक आणि चौकटीबाहेर एक क्लिक. भिंतीची बाहेरची रेघ तयार. नव्या चौकटीचं माप ३.४६ बाय ४.४६ मीटर, क्षेत्रफळ १५.४३ चौरस मीटर. बारा चौरस मीटरच्या खोलीसाठी भिंतींनीच जवळजवळ साडेतीन चौरस मीटर जागा घेतली.

ड्राफ्ट्समनचा हात घसरून शेवटचा क्लिक चौकटीच्या आत पडला असता तर? भिंत आतल्या बाजूला आली असती आणि खोली उरली असती २.५४ बाय ३.५४, म्हणजे नऊ चौरस मीटर. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या करताना सदनिकेच्या बाहेरच्या भिंतींखालची जागा वगळली आणि आतल्या पार्टिशनच्या भिंतींखालची धरली. तेव्हा रेघ कोणत्या बाजूला सरकवली, या एका क्लिकवर फ्लॅटच्या किमतीतले बरेच पैसे अवलंबून असतात.

या कमांडचं नाव ऑफसेट. डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोकॅडची पहिली आवृत्ती बाजारात आली. त्यानंतर सॉलिडवर्क्स, फ्यूजन, फ्रीकॅड असं कुठलंही पॅकेज उघडा, ही कमांड कुठल्या ना कुठल्या रूपात भेटतेच. शिकायला पाच मिनिटं पुरतात. त्यामुळे क्लासमध्ये तिच्यावर कुणी फार वेळ घालवत नाही, आणि पुढे नोकरीत ती अडली की सॉफ्टवेअरला शिव्या पडतात. माझं म्हणणं उलट आहे. ऑफसेट जिथे अडतो तिथे तो बहुतेक वेळा खरं बोलत असतो. त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं, तर आधी तो नेमकं काय करतो ते पाहायला हवं.

व्याख्या साधी आहे. मूळ रेषेवरच्या प्रत्येक बिंदूतून रेषेशी काटकोनात निघायचं, ठरलेलं अंतर चालायचं आणि थांबायचं. थांबलेले सगळे बिंदू जोडले की ऑफसेट झाला. सरळ रेषेचा ऑफसेट सरळच येतो आणि वर्तुळाचा ऑफसेट त्याच केंद्राचं दुसरं वर्तुळ. इथवर शाळेतली भूमिती.

गोंधळ सुरू होतो तो ‘लहान करणे’ या कल्पनेपासून. एक प्लॅस्टिकचा डबा काढू. वरून पाहिला तर १०० बाय ६० मिलिमीटर, चारही कोपरे ५ मिलिमीटर त्रिज्येने गोल केलेले, भिंत २ मिलिमीटरची. नवशिक्या मनात हिशेब करतो: शंभराचे शहाण्णव करायचे आहेत, म्हणजे आकृती ९६ टक्क्यांवर आणू. स्केल कमांड चालवली की लांबी बरोबर ९६ येते, पण रुंदी साठाची ५७.६ होते. दोन टोकांना भिंत २ मिलिमीटरची आणि लांब बाजूंना १.२ मिलिमीटरची. असा साचा बनला तर पातळ बाजूला प्लॅस्टिक नीट पोचणार नाही, किंवा डबा थंड होताना वाकेल. ऑफसेटने मात्र आतली चौकट ९६ बाय ५६ येते आणि कोपऱ्यांची त्रिज्या ५ वरून ३ होते. भिंत सगळीकडे २. स्केल आकार राखतो आणि अंतर सोडून देतो. ऑफसेट अंतर राखतो आणि त्यासाठी आकार बदलावा लागला तर खुशाल बदलतो.

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत, फौंड्रीसाठी पॅटर्न बनवणाऱ्याला हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही, कारण त्याला दोन्ही गोष्टी एकाच नगावर कराव्या लागतात. ओतलेलं बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. त्यामुळे ६०० मिलिमीटरच्या नगाचा पॅटर्न ६०६ चा लागतो आणि ६० मिलिमीटरच्या भागासाठी ६०.६ चा. हे स्केल झालं. मोठ्या मापाला जास्त, लहान मापाला कमी. पण ज्या पृष्ठावर पुढे मशीनिंग होणार आहे तिथे, समजा, ३ मिलिमीटर जादा माल ठेवायचा आहे. नग हातभर असो की वीतभर, तो तीनच मिलिमीटर राहतो. हा ऑफसेट. जुने पॅटर्नमेकर आकसण्याच्या हिशेबासाठी आकुंचनाची पट्टी वेगळी ठेवत. तिच्यावरच्या खुणाच त्या टक्केवारीने लांबवलेल्या असत. मशीनिंगची वाढ मात्र साध्या मापाने मिळवायची.

खोलीकडे पुन्हा एकदा. भिंतीने घेतलेले ३.४३ चौरस मीटर आले कुठून? खोलीचा घेर १४ मीटर, त्याला भिंतीच्या जाडीने, ०.२३ ने, गुणलं की ३.२२. उरलेले ०.२१ म्हणजे कोपऱ्यातले चार छोटे चौरस. कोपरे टोकदार न ठेवता गोल घेतले तर चौरसांच्या जागी चार पाव वर्तुळं बसतात आणि ती मिळून एक अख्खं वर्तुळ होतं. एकोणिसाव्या शतकातल्या याकोब श्टायनर या स्विस भूमितीकाराच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र हेच सांगतं: कुठेही आत न वळलेल्या बंद आकृतीचा बाहेर ऑफसेट घेतला तर क्षेत्रफळात घेर गुणिले अंतर इतकी भर पडते, शिवाय त्या अंतराच्या त्रिज्येचं एक वर्तुळ. आणि घेरात भर पडते ती फक्त अंतराच्या २π पट, आकृती कोणतीही असो.

४०० मीटर धावण्याच्या ट्रॅकवर हे डोळ्यांनी दिसतं. धावपटू एका ओळीत उभे नसतात, बाहेरच्या लेनचा पुढे असतो. प्रत्येक लेन १.२२ मीटर रुंद. पहिल्या लेनची लांबी आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजतात, बाकीच्यांची आतल्या रेघेपासून २० सेंटिमीटरवर. म्हणून दुसरा धावपटू पहिल्याच्या ७.०४ मीटर पुढे आणि त्यानंतर प्रत्येक जण सुमारे ७.६७ मीटर पुढे. १.२२ ला २π ने गुणून पाहा. प्रमाणित ट्रॅकच्या वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर असते, पण या गुणाकारात ती कुठेच येत नाही. अर्धवर्तुळाऐवजी दुसऱ्या कुठल्या वळणाचा ट्रॅक आखला तरी लेनमागे तेवढेच ७.६७ मीटर द्यावे लागले असते.

आता कोपरे. रेषेवरच्या बिंदूतून काटकोनात निघायचं, हे ठीक. पण टोकदार कोपऱ्यावर काटकोन कोणत्या दिशेला? तिथे दोन रेषा भेटतात, दोघींच्या दिशा वेगळ्या. बाहेरच्या बाजूला ऑफसेट घेतला तर दोन नव्या रेषांच्या मध्ये फट पडते आणि ती कशी भरायची हे भूमिती सांगत नाही, माणसाला ठरवावं लागतं. ऑटोकॅडमध्ये यासाठी ‘ऑफसेटगॅपटाइप’ नावाची एक सेटिंग आहे. ती ० वर असेल तर दोन्ही रेषा वाढवून एकमेकींना भिडवल्या जातात, १ वर असेल तर मध्ये कंस येतो आणि २ वर असेल तर कोपरा तिरका छाटला जातो. बहुतेकांच्या संगणकावर ती जन्मभर शून्यावर राहते. भिंतीसाठी ते योग्यच आहे. विटांची भिंत कोपऱ्यावर गोल कुणी बांधत नाही.

पण कोपरा फार निमुळता असेल तर शून्य अंगाशी येतं. काटकोनी कोपऱ्यावर १० मिलिमीटरच्या ऑफसेटचं टोक मूळ कोपऱ्यापासून सुमारे १४ मिलिमीटरवर पडतं. तीस अंशांच्या कोपऱ्यावर ते ३८.६ मिलिमीटरवर जातं आणि दहा अंशांच्या कोपऱ्यावर जवळजवळ ११५ मिलिमीटरवर. दहा मिलिमीटरची मोकळी जागा मागितली आणि अर्धी वीत लांब सुळका मिळाला. जाड रेघा काढणारी सॉफ्टवेअरं म्हणूनच एक मर्यादा ठेवतात. टोक ठरलेल्या पटीच्या पुढे गेलं की कोपरा आपोआप छाटायचा. एसव्हीजी या वेबवरच्या चित्रांच्या पद्धतीत ही मर्यादा मुळात ४ पट ठेवलेली असते.

तिन्हींपैकी ‘खरा’ कोणता, असं कुणी विचारलं तर उत्तर कंस हेच. कोपऱ्यापासून ठीक दहा मिलिमीटरवर असलेले सगळे बिंदू कंसावरच असतात. ही व्याख्या भारताच्या कायद्यातही लिहिलेली आहे, आणि तीही समुद्राबद्दल. १९७६ च्या सागरी क्षेत्रांच्या कायद्यानुसार आपल्या प्रादेशिक समुद्राची हद्द म्हणजे अशी रेषा, की जिच्यावरचा प्रत्येक बिंदू आधाररेषेच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून बारा सागरी मैलांवर आहे. सागरी मैल १,८५२ मीटरचा, म्हणजे हा सव्वाबावीस किलोमीटरचा ऑफसेट. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या समुद्रविषयक करारातलं चौथं कलमही हेच म्हणतं. नकाशावर ती रेघ काढायची कशी? किनाऱ्यावरच्या पुढे आलेल्या बिंदूंवर कंपासचं टोक ठेवून बारा मैलांचे कंस मारायचे आणि सर्वांत बाहेरचे कंस जोडत जायचे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे भूगोलतज्ज्ञ व्हिटमोर बॉग्ज यांनी १९३० मध्ये ही कंसांची रीत मांडली. तिच्यातून एक गोष्ट निघते: पुढे घुसलेल्या भूशिराभोवती हद्दीची रेघ गोल फिरते आणि त्याच्या शेजारचा लहानसा बाक तिला कळतही नाही. हद्द जितकी दूर, तितके किनाऱ्याचे बारकावे पुसलेले. दोनशे मैलांची रेघ काढली तर तिच्यावरून मूळ किनारा कसा होता हे ओळखता येणार नाही.

बारकावे पुसले जातात, ही बाब ऑफसेटच्या आतल्या बाजूला आणखी ठळक होते. आपला १०० बाय ६० चा डबा परत घेऊ. आत ३ मिलिमीटर गेलो की कोपऱ्याची त्रिज्या २ उरते. ५ मिलिमीटर आत गेलो की त्रिज्या शून्य होते आणि ९० बाय ५० ची टोकदार चौकट राहते. ६ मिलिमीटर मागितले तर? त्रिज्या उणे एक होणार. सॉफ्टवेअरने इथे शहाणपण दाखवलं तर ते कंस टाकून देतं आणि ८८ बाय ४८ ची चौकट हाती ठेवतं. नाही दाखवलं तर कोपऱ्यात उलटा पीळ पडलेला छोटा फास येतो किंवा लाल अक्षरांत नकार. आता त्या ८८ बाय ४८ च्या चौकटीवरून, कोपऱ्यांत कंस घेत, ६ मिलिमीटर बाहेर या. बाहेरचं माप पुन्हा १०० बाय ६० मिळेल, पण कोपरे ५ ऐवजी ६ चे. सहा आत आणि सहा बाहेर करून मूळ जागी परत येता आलं नाही. आत जाताना जी माहिती पुसली गेली ती बाहेर येताना परत मिळत नाही. अनुभवी लोक याचाच फायदा घेतात. वेड्यावाकड्या आकृतीला आधी आत आणि मग तितकंच बाहेर आणलं की बाहेर डोकावणारे बारीक काटे गळून पडतात. उलट क्रमाने केलं की आत घुसलेल्या अरुंद फटी बुजतात.

कंस कुठे मरतो, हे वर्तुळासाठी लगेच सांगता येतं. सर्वसाधारण वक्रासाठी नियम असा की जिथे तो सर्वांत तीव्र वळतो तिथली त्रिज्या पाहायची. आतला ऑफसेट तेवढ्यापर्यंत गुळगुळीत राहतो. त्याच्या पुढे गेला की रेघेला टोक येतं आणि ती स्वतःलाच ओलांडून भिंगरी पक्ष्याच्या शेपटीसारखा आकार करते. ही टोकं कुठे पडतात हेही ठरलेलं आहे: वक्राच्या त्या त्या जागच्या वळणकेंद्रांच्या रेषेवर. लंबकाच्या घड्याळावर विचार करताना क्रिस्तियान हायगेन्सने ही केंद्ररेषा अभ्यासली आणि १६७३ च्या आपल्या ग्रंथात मांडली. समांतर वक्रांवर लायब्निझने १६९२ मध्ये लिहिलं. संगणकाच्या पडद्यावर आज जी चूक म्हणून दिसते, ती तीनशे वर्षांपूर्वी कागदावर ओळखीची झाली होती.

आतल्या बाजूचं हे मरणं उपयोगाचंही आहे. १२ बाय ८ मीटरचं चौपाखी कौलारू घर आखायचं आहे, चारही बाजूंचा उतार सारखा. घराची चौकट टप्प्याटप्प्याने आत घेत जा. कोपरे ज्या वाटेने सरकतात त्या छपराच्या तिरक्या धारा, आणि ४ मीटर आत गेल्यावर चौकट चपटी होऊन जी ४ मीटरची रेघ उरते ते आढं. घर एल आकाराचं असलं तरी रीत हीच. आतल्या कोपऱ्याच्या वाटेवर पन्हळ येते. कोणत्याही बहुभुजासाठी हे संगणकाने कसं करायचं, ते ऑस्ट्रियातल्या ओसविन आयखोल्झर, फ्रान्झ औरेनहामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये नीट मांडलं.

लंबवर्तुळाचं प्रकरण मात्र वेगळंच. अनेक जण धरून चालतात की लंबवर्तुळाचा ऑफसेट लंबवर्तुळच येणार. येत नाही. ५० आणि २० मिलिमीटर अर्धअक्षांचं लंबवर्तुळ काढा आणि १० मिलिमीटर भिंतीसाठी त्याच्याबाहेर ६० आणि ३० चं दुसरं. चार टोकांना भिंत बरोबर दहाची, पण मधल्या तिरक्या भागात ती अर्ध्या मिलिमीटरहून जास्त कमी भरते. खरा ऑफसेट हा निराळाच वक्र आहे. त्याचं समीकरण आठव्या घाताचं. कारण सगळं एका वर्गमुळात आहे. काटकोनी दिशेला ‘ठीक दहा मिलिमीटर’ चालायचं तर त्या दिशेची लांबी आधी एक करून घ्यावी लागते, आणि लांबी काढायची म्हणजे पायथागोरस: दोन वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. मूळ वक्राचं समीकरण कितीही सुबक असो, ते वर्गमूळ त्यात शिरलं की कॅडला पचणाऱ्या सूत्रांमध्ये तो वक्र बसत नाही. म्हणून सॉफ्टवेअर ऑफसेटवरचे पुष्कळ बिंदू काढतं आणि त्यांच्यातून, ठरलेल्या सूक्ष्म फरकाच्या आत राहील, असा गुळगुळीत वक्र, म्हणजे स्प्लाइन, बसवतं. पडद्यावर जो ऑफसेट दिसतो तो खऱ्याच्या अगदी जवळचा, पण अंदाजी असतो.

यावर दोन उपाय निघाले. पहिला संगणकाच्या फार आधीचा: लंबवर्तुळच टाळायचं आणि त्याच्यासारखा दिसणारा आकार वर्तुळाचे कंस जोडून काढायचा. कंसाचा ऑफसेट कंसच येतो, केंद्र तेच राहतं. अठराव्या शतकात पॅरिसजवळ न्यूईच्या पुलाच्या कमानी आखताना जाँ-रोदोल्फ पेरोने यांनी एकेका कमानीसाठी अकरा केंद्रं वापरली. ड्रॉइंग बोर्डाच्या काळातला ड्राफ्ट्समन घाईत असला की चार केंद्रांवर भागवायचा. दुसरा उपाय १९९० चा. रिदा फारूकी आणि ताकिस साक्कालिस यांनी असे वक्र शोधले, की ज्यांच्यात त्या दोन वर्गांची बेरीज स्वतःच पूर्ण वर्ग असते. ३, ४, ५ च्या त्रिकोणात ९ आणि १६ मिळून २५ होतात आणि वर्गमूळ सुटतं, तसंच. त्या वक्रांचे ऑफसेट अंदाज न करता मिळतात. रोजच्या कॅड पॅकेजमध्ये मात्र अजून स्प्लाइनचंच राज्य आहे.

आता कारखान्यात जाऊ, कारण ऑफसेटची खरी परीक्षा तिथे होते. सीएनसी मिलिंगवर १० मिलिमीटरचा एंडमिल नगाची कड कापतो तेव्हा टूलचं केंद्र कडेपासून ५ मिलिमीटर दूर फिरतं. टूलचा मार्ग हा नगाच्या कडेचा ऑफसेट. प्रोग्रॅममध्ये नगाचंच माप लिहायचं आणि ऑफसेटचं काम मशीनवर सोपवायचं, यासाठी जी४१ आणि जी४२ हे कोड आहेत: टूल कडेच्या डावीकडे किंवा उजवीकडे. जी४० ने ते बंद होतं. यातली मेख अशी की धार लावून आणलेला एंडमिल १० ऐवजी ९.९४ भरला तर प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. मशीनच्या ऑफसेटच्या पानावर ५ च्या जागी ४.९७ टाकायचं. रात्रपाळीचा ऑपरेटर हे चहाचा कप हातात धरून करतो.

आणि इथेच डिझायनरची ती जुनी फजिती होते. स्केचमध्ये त्याने खाच काढलेली असते, आतले कोपरे अगदी टोकदार. १० च्या एंडमिलला ५ पेक्षा लहान त्रिज्येचा आतला कोपरा कापताच येत नाही. कोपऱ्याचा कंस ५ पेक्षा लहान असला की कडेचा ऑफसेट तिथे मरतो, तसं टूलही तिथे पोचत नाही. सीएनसी कंट्रोल पुढच्या ओळी आधीच वाचून पाहतो आणि टूल नको तिथे घुसणार असं दिसलं की अलार्म देऊन थांबतो. पडद्यावरचा नकार आणि मशीनचा अलार्म ही एकच तक्रार आहे. वायरकटवर ही अडचण सौम्य होते. तिथे ०.२५ मिलिमीटरच्या तारेचा अर्धा व्यास आणि ठिणगीची फट मिळून ऑफसेट होतो, त्यामुळे बराच बारीक कोपरा निघतो. पण शून्य तोही नाही.

भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये क्लिअरन्सचा आकडा सांगितला की उलटा प्रश्न येतो: पर साइड की ओव्हरऑल? ऑफसेट नेहमी एका बाजूचा आकडा मागतो. पंच आणि डायमध्ये एकूण ०.१ ची फट हवी असेल तर ऑफसेट ०.०५ चा. २० मिलिमीटरच्या भोकाला ०.१ ने ऑफसेट केलं की भोक २०.२ चं होतं. तशीच बाजूचीही गोष्ट. पत्र्यातून चकती कापून चकतीच वापरायची असेल तर डाय मापाची ठेवतात आणि पंच आत घेतात. भोक वापरायचं असेल तर पंच मापाचा ठेवतात आणि डाय बाहेर नेतात. आकडा तोच, रेघ तीच, पण कुठली रेघ मूळ धरायची हे नगाच्या उपयोगावर ठरतं.

थ्रीडी प्रिंटरही दिवसभर ऑफसेटच करत असतो. ०.४ मिलिमीटरच्या नोझलने भिंत छापायची तर पहिली रेघ कडेपासून अर्ध्या रेघेइतकी आत, दुसरी तिच्या आत, तिसरी आणखी आत. भिंत ०.६ ची असेल तर पंचाईत. एक रेघ घालून जागा उरते आणि दोन बसत नाहीत. जुने स्लायसर, म्हणजे मॉडेलचे थर पाडणारे प्रोग्रॅम, तिथे फट सोडत किंवा तो भागच गाळत. २०२२ मध्ये क्युरा या स्लायसरच्या ५.० आवृत्तीपासून रेघेची रुंदी जागेप्रमाणे कमीजास्त करणारी पद्धत आली आणि हे दुखणं बरंच कमी झालं.

राहिला प्रश्न स्केचचा. ऑटोकॅडच्या मूळ ऑफसेटने काढलेली रेघ जन्मताच आईबापांपासून वेगळी होते. मूळ चौकट बदलली तरी भिंतीची बाहेरची रेघ जागची हलत नाही. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड हा प्रोग्रॅम दाखवला तेव्हाच त्यात रेषांमधली नाती लक्षात ठेवायची सोय होती: ही तिच्याशी समांतर, ती हिच्याइतकी लांब. ती कल्पना रोजच्या वापरात आणली १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रो-इंजिनिअरने आणि १९९५ मध्ये सॉलिडवर्क्सने विंडोजवर. या पॅकेजेसमध्ये ऑफसेटची रेघ मूळ रेघेला बांधलेली असते. अंतराचं एक माप दिसतं. २ चं २.५ करा, सगळी भिंत सरकते.

एवढंच नाही, स्केचमध्ये मूळ रेघ काढलेली नसली तरी चालतं. तयार घनाकृतीच्या कडेवरूनच ऑफसेट घेता येतो. डब्याच्या २ मिलिमीटर काठावर झाकणासाठी ओठ उभारायचा आहे. काठाची आतली कड निवडायची, ०.९ मिलिमीटर बाहेर ऑफसेट घ्यायचा आणि त्या दोन रेघांमधला भाग वर उचलायचा. झाकणाच्या खाचेसाठी तीच कड, ऑफसेट १.१. ओठ आणि खाच यांच्यात ०.२ पर साइड मोकळीक. पुढे कुणी डबा १२० लांब केला तरी झाकण बसतं.

आणि मग कुणीतरी काठाच्या आतल्या कडेला शोभेसाठी अर्ध्या मिलिमीटरची गोलाई देतं, तीही मॉडेलच्या पायऱ्यांच्या यादीत, म्हणजे फीचर ट्रीमध्ये, ओठाच्या वर सरकवून. ज्या कडेवर ओठाचा ऑफसेट टांगलेला होता ती कडच नाहीशी होते. स्केचमधल्या रेघा लटकत राहतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे सॉफ्टवेअर भलतीच कड आपली समजून तिला चिकटतं आणि चूक कळतही नाही. फ्रीकॅडला तर सॉफ्टवेअरने कडांना दिलेली नावं बदलण्याच्या या गोंधळाने वर्षानुवर्षं बदनाम केलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० आवृत्ती आली तेव्हा त्याला बऱ्यापैकी आवर बसला. व्यापारी पॅकेजमध्येही हा धोका शून्य नाही. म्हणून महत्त्वाच्या रेघा एका मूळ स्केचमध्ये काढाव्यात, ऑफसेट त्या स्केचवरून घ्यावेत आणि गोलाया सगळ्यात शेवटी द्याव्यात. कडेवरून ऑफसेट घेणं सोपं पडतं, पण टिकाऊ ठरतंच असं नाही.

हे पुस्तक बाजूला ठेवून पॅकेज उघडणार असाल तर तीन सवयी लावून घ्या. कामाची बाजू आधी काढा: डब्यात वस्तू बसायची असेल तर आतली, डबा कशात बसायचा असेल तर बाहेरची, दुसरी बाजू ऑफसेटने येऊ द्या. एकावर एक पाच रेघा हव्या असतील तर पाचही मूळ रेघेवरून घ्या. ऑफसेटचा ऑफसेट घेत गेलात तर स्प्लाइनचा अंदाज दर पायरीला थोडा ढळतो. आणि ऑफसेट नाकारला गेला तर आकडा ०.१ ने कमी करून ढकलण्याआधी आकृतीतली सर्वांत लहान आतली त्रिज्या मोजा. तुमचं अंतर तिच्यापेक्षा मोठं असेल तर दुरुस्ती स्केचमध्ये करायची आहे. त्या अंतराच्या त्रिज्येचं कुठलंही टूल तो कोपरा कापून देणार नाही.